अन्नदाता आणि वीरगाथा

हावडा जिल्ह्यातील पेंडो या गावाचे नाव मराठी वाचकाच्या कानावरून सहसा गेलेले नसते. हावड्याचे रेल्वेस्थानक आणि गंगेवरील तो प्रचंड पूल एवढ्यावरच त्या जिल्ह्याची ओळख संपते. परंतु अठराव्या शतकातील बंगाली कवितेचा सर्वांत कसबी कारागीर, भारतचंद्र राय, हा या गावचा. १७१२ च्या सुमारास त्याचा जन्म झाला तेव्हा हा मुलूख भुरशुट परगणा म्हणून ओळखला जाई आणि भारतचंद्राचे वडील नरेंद्रनारायण राय हे तेथील जमीनदार होते. बर्दवानचा राजा कीर्तिचंद्र याने ही जमीनदारी बळकावली आणि घर उघड्यावर पडले. पुढे जो दरबारचा कवी झाला तो आरंभी असा वतन हरपलेल्या घरातला मुलगा होता. त्याच्या काव्याचा विचार करताना हे विसरून चालत नाही. कारण या मुलाने चाळिशीच्या उंबरठ्यावर 'अन्नदामंगल' हे आपले प्रमुख काव्य लिहिले, ते दुसऱ्या एका घराला राज्य कसे मिळाले हे सांगण्यासाठी.

कवी कोणाच्या पंक्तीला जेवतो आणि कोणाचे शौर्य गातो, हे दोन प्रश्न वीरकाव्याच्या अभ्यासात वेगवेगळे ठेवण्याची रीत आहे. पहिला चरित्रकाराचा, दुसरा समीक्षकाचा. वस्तुतः वीरकाव्य जेथे अगदी प्राथमिक अवस्थेत सापडते तेथे हे दोन्ही प्रश्न एकच असतात: ज्याचे मीठ खायचे त्याच्याच घरचा वीर आणि त्याच वीराची गाथा. भारतचंद्राच्या हाती मात्र मीठ एका घरचे आणि वीर दुसऱ्या घरचा अशी फारकत झाली. ती नीट कळण्यासाठी, ही दोन्ही एकरूप असल्याचा एखादा निर्भेळ नमुना प्रथम डोळ्यांपुढे असावा हे बरे. असा नमुना फार दूरच्या देशात, प्राचीन वेल्श काव्यात, मिळतो.

अनेइरिन हा त्या परंपरेतील आद्य कवींपैकी एक. नवव्या शतकातील 'हिस्टोरिया ब्रिटोनम' या लॅटिन इतिहासग्रंथात सहाव्या शतकातील ब्रिटन कवींची जी नावे नोंदली आहेत त्यांत तालिएसिनबरोबर त्याचेही नाव येते. त्याच्या नावावरील 'गोदोदिन' हे काव्य तेराव्या शतकातील एका पोथीत, दोन लेखनिकांच्या हातचे, शिल्लक राहिले आहे. भाषा वेल्श असली तरी काव्याची भूमी आजच्या वेल्समधील नव्हे; ती स्कॉटलंडमधील एडिंबरोच्या परिसरातील. गोदोदिन हे तेथील एका ब्रिटन जमातीचे नाव. काव्यावरून कळते ते असे: या जमातीच्या अधिपतीने तीनशे निवडक घोडेस्वार जमवले, त्यांना वर्षभर आपल्या वाड्यात ठेवून जेवू घातले, मधाचे मद्य पाजले, आणि मग इ. स. ६०० च्या आसपास दक्षिणेकडे कात्राइथ येथे इंग्रजांच्या पूर्वजांवर चाल करण्यास पाठवले. कात्राइथ म्हणजे यॉर्कशरमधील कॅटरिक असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेथे ते जवळजवळ सर्व कापले गेले. परतणारे किती, याविषयी काव्यातच दोन हिशेब आहेत; एका ठिकाणी एक, दुसऱ्या ठिकाणी तीन. शिवाय कवी.

या काव्याला कथानक असे नाहीच. सुमारे शंभर कडवी, आणि त्यांतील बहुतेक एकेका मृत वीरासाठी. गावाच्या वेशीवर ओळीने उभ्या केलेल्या वीरगळांसारखी ती उभी आहेत: हा अमक्याचा पुत्र, याने असा घोडा फेकला, याच्या ढालीचे असे तुकडे झाले, हा घरी लाजाळू होता आणि रणात अनावर. या साऱ्यांना जोडणारे सूत्र एकच, आणि ते म्हणजे मद्य. वर्षभर जे प्राशन केले त्याची किंमत वीरांनी प्राणांनी चुकती केली, ही कल्पना कडव्याकडव्यातून फिरून फिरून येते. आपल्याकडील 'खाल्ल्या मिठाला जागणे' या शब्दप्रयोगात जे अध्याहृत आहे तेच येथे संपूर्ण काव्याचे बीज झाले आहे. ज्या पंक्तीला वीर जेवला त्याच पंक्तीला कवीही बसलेला आहे. वीराने प्राण देऊन ऋण फेडले. कवी नावे घेऊन फेडतो. विजयाचे श्रेय सांगावे तर विजय झालेलाच नाही. तरीही अधिपतीच्या कीर्तीला उणेपणा येत नाही, उलट इतके लोक ज्याच्या मिठासाठी मेले तो केवढा दाता असेल, असे ऐकणाऱ्याला वाटते. पराभव आणि स्तुती यांचा इतका सहज मेळ अन्यत्र क्वचितच दिसतो.

तालिएसिनचा मार्ग थोडा निराळा. रेगेदचा राजा उरिएन याच्या जयाची आणि दातृत्वाची गाणी त्याने गायिली आणि राजपुत्र ओवाइन गेल्यावर त्याचा विलापही केला. पुढे वेल्श कायद्यांनी तर कवीला राजदरबारचा अधिकारीच करून टाकले. हवेल या दहाव्या शतकातील राजाच्या नावावर चालत आलेल्या त्या कायद्यांत पथकाच्या कवीने लढाईच्या तोंडावर सैन्यापुढे कोणते गीत म्हणावे आणि लुटीतून त्याला काय मिळावे हेही लिहून ठेवले आहे. काव्य आणि वेतन यांचा संबंध इतक्या उघडपणे सांगण्यास तेथे कोणाला संकोच वाटला नाही.

मराठीत शिवकालीन पोवाडा याच जातीचा आहे. अफझलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा पोवाडा जिजाबाईंच्या इच्छेवरून रचला गेला आणि शाहिराला त्याचे बक्षीस मिळाले, अशी परंपरा आहे. तुळशीदासाचा सिंहगडचा पोवाडा तर अनेइरिनच्या कडव्यांच्या आणखी जवळ येतो: गड मिळाला, पण काव्याचा जीव मिळालेल्या गडात नाही, मुलाचे लग्न टाकून गेलेल्या आणि परत न आलेल्या तानाजीत आहे. तेथेही मीठ एकाच घरचे आहे. शाहीर, सरदार आणि राजा हे तिघे एकाच ऋणाने बांधलेले आहेत आणि म्हणून शाहिराला आपल्या शब्दांविषयी मनात किंतु बाळगण्याचे कारण पडत नाही.

भारतचंद्राला हे भाग्य लाभले नाही.

त्याचे चरित्र मुख्यतः ईश्वरचंद्र गुप्त या कवी-संपादकाने १८५५ मध्ये जमवून प्रसिद्ध केले, आणि पुढील सर्वांनी त्याचाच आधार घेतला. त्यानुसार हा तरुण हुगळीजवळील देवानंदपूर येथे फारसी शिकला, तेथेच त्याने सत्यपीराची कथा पद्यात रचली, आणि घरच्या जमिनीचे भांडण मिटवण्यासाठी बर्दवानला गेला असता तुरुंगात पडला. तेथून निसटून तो ओरिसात गेला. कटक येथे शिवभट्ट नावाच्या मराठा सुभेदाराने त्याला आसरा दिला, असे हे चरित्र सांगते. मराठी वाचकाला ही गोष्ट सुखावणारी आहे, पण कालगणनेला ती मानवत नाही. ओरिसा नागपूरकर भोसल्यांकडे आला तो १७५१ च्या तहाने. कवीचे भ्रमण त्याच्या पुष्कळ आधीचे. मागाहून प्रसिद्ध झालेले नाव आधीच्या घटनेला चिकटले असावे. यानंतर काही काळ वैष्णव बैरागी होऊन फिरलेला भारतचंद्र नातलगांनी परत संसारात आणला, आणि चंदननगरच्या फ्रेंचांचे दिवाण इंद्रनारायण चौधुरी यांच्या शिफारशीने नदियाचा राजा कृष्णचंद्र याच्या पदरी लागला. वेतन महिना ४० रुपये. 'रायगुणाकर' ही पदवी याच राजाने दिली, आणि 'अन्नदामंगल' लिहिण्याची आज्ञाही त्याचीच. काव्य १७५२ मध्ये पूर्ण झाले.

अन्नदा म्हणजे अन्नपूर्णा. काव्याचे तीन भाग आहेत: पहिल्यात शिव-पार्वतीची कथा आणि देवीचे भूतलावर येणे, दुसऱ्यात विद्या आणि सुंदर यांची प्रीतिकथा, आणि तिसऱ्यात, ज्याला 'मानसिंह' म्हणतात, कृष्णचंद्राचा पूर्वज भवानंद मजुमदार याच्या भाग्योदयाची हकीगत. पहिल्या भागाच्या शेवटी देवी भवानंदाच्या घरी जाण्यासाठी नदी ओलांडते. नावाड्याने वर मागितला तो राज्याचा नाही, धनाचा नाही. आपल्या लेकरांच्या ताटात दूधभात राहावा, एवढाच. बंगाली माणसाला सगळे 'अन्नदामंगल' विसरले तरी हा नावाडी विसरत नाही. सारे काव्य अन्नाभोवती फिरते आहे याची ही पहिली खूण.

दुसरी खूण अधिक अडचणीची आहे. बादशहा जहांगीराचा सेनापती मानसिंह हा जसोरच्या प्रतापादित्यावर चालून येतो. वाटेत सात दिवस वादळ आणि पाऊस. सैन्य उपाशी मरू लागते. त्या वेळी भवानंद देवीच्या कृपेने सर्व फौजेला अन्न पुरवतो, मानसिंहाला प्रसन्न करून घेतो, युद्धानंतर त्याच्याबरोबर दिल्लीस जातो, आणि तेथे बादशहाच्या रोषातून देवीच्याच भूतगणांमुळे सुटून परगण्यांची सनद घेऊन परततो. गोदोदिनच्या अधिपतीने आपल्या वीरांना जेवू घातले आणि ते शत्रूवर तुटून पडले. भवानंदाने चालून आलेल्या फौजेला जेवू घातले आणि एक देशी राजा बुडाला. अन्नदानाचे पुण्य दोहोंकडे सारखेच, पण त्यातून वीरगाथा कोणाची निघायची? कृष्णचंद्राच्या ४० रुपयांना जागायचे तर भवानंदाची. त्या कथेत भवानंदाने शस्त्र उचलल्याचा प्रसंगच नाही.

भारतचंद्राने आपला करार मोडला नाही. भवानंदाच्या वाट्याची सारी स्तुती त्याने शिस्तीने केली. त्यात विनोद आहे, दिल्लीतील भुतांचा गोंधळ तर फार रंगतदार आहे. परंतु वीररसाची पाळी आली तेव्हा तो प्रतापादित्याकडे वळला. जसोरच्या या राजाचे जे थोडक्या ओळींचे वर्णन आहे त्याचा ठसका साऱ्या काव्यात निराळा उमटतो. हा राजा बादशहाला जुमानत नाही. तो भवानीचा लाडका पुत्र. त्याच्याजवळ ५२ हजार ढालाईत, हत्तींचे सोळा कळप, दहा हजार घोडे. आणि लढाईच्या वेळी त्याची सेनापती प्रत्यक्ष काली. भवानीच्या वरदानाने बादशाहीला आव्हान देणारा राजा म्हटले की मराठी मनात कोणते चित्र उभे राहते हे सांगायला नको. कथेपुरते पाहिले तर हे वर्णन केवळ शत्रू बलाढ्य दाखवण्यासाठी आहे: शत्रू मोठा, म्हणून त्याला जिंकणारा मोठा, म्हणून जिंकणाऱ्याला जेवू घालणारा मोठा. पण या तीन पायऱ्या चढण्याइतका वेळ ऐकणाऱ्यापाशी नसतो. तो पहिल्या पायरीवरच थांबतो.

अर्थात कवीने प्रतापादित्याला निर्दोष ठेवले नाही. चुलता वसंत राय याला त्याने कुटुंबासह मारले; एक मुलगा तेवढा राणीने अळूच्या रानात दडवून वाचवला, म्हणून त्याचे नाव कचू राय पडले (बंगालीत अळूला 'कचू' म्हणतात). हाच मुलगा पुढे बादशहाकडे गाऱ्हाणे घेऊन गेला. या पापामुळे देवीने प्रतापादित्याकडे पाठ फिरवली आणि तो हरला. पिंजऱ्यात घालून नेत असता वाटेतच मेला. म्हणजे पराभवाचे कारण मानसिंहाचा पराक्रम नव्हे, अन्नदाता भवानंद तर नव्हेच; देवी रुसली हे आहे. आश्रित कवीने येथे आपल्या धन्याच्या पूर्वजाला विजयातील मोठा वाटा नाकारला आहे, आणि धन्याला तो जाणवला असल्याची खूण कोठे दिसत नाही. ज्याच्या स्वतःच्या घराचे वतन एका बलिष्ठ राजाने गिळले होते त्याला पराभूताचा शब्द अधिक नेमका सापडला, यात नवल मानू नये. बर्दवानवरचा त्याचा राग तर उघडच होता. विद्येची चोरटी प्रीतिकथा त्याने बर्दवानच्या राजवाड्यात घडवली, ती सूड म्हणूनच, असे पुष्कळांनी म्हटले आहे.

इतिहास म्हणून हे सारे टिकत नाही. प्रतापादित्याचा पाडाव मानसिंहाने केला नाही. तो तर आधीच बंगाल सोडून गेला होता. मिर्झा नाथन या मोगल अधिकाऱ्याचा 'बहारिस्तान-इ-घायबी' हा फारसी ग्रंथ जदुनाथ सरकार यांनी पॅरिसच्या ग्रंथालयातून उजेडात आणला, आणि त्यातून कळले की हे काम सुभेदार इस्लामखानाच्या फौजेने १६११-१२ च्या मोहिमेत केले. या ग्रंथातील प्रतापादित्य प्रथम इस्लामखानाला भेटून मदतीचे वचन देतो, ते पाळत नाही आणि मग लढतो. ५२ हजार ढालाईतांचा आणि कालीचा तेथे पत्ता नाही. पण कात्राइथच्या लढाईची तरी 'गोदोदिन'बाहेर कोणी धड नोंद कोठे केली आहे? वीरकाव्याकडे साक्षीदार म्हणून पाहिले की निराशा पदरी येते. ते कोणाचे ऋण कोणाला मान्य होते याचा दाखला देते, आणि त्या बाबतीत 'अन्नदामंगल' अत्यंत विश्वासार्ह आहे.

मराठी वाचकाला या काव्यात आणखी एक गोष्ट अकल्पित भेटते. काव्य लिहिले गेले तेव्हा नागपूरकरांच्या स्वाऱ्यांना, ज्यांना बंगाल 'बर्गीचा दंगा' म्हणतो, दहा वर्षे होत आली होती आणि गंगेचा पश्चिम काठ, म्हणजे कवीची जन्मभूमीही, त्यात होरपळली होती. तरीही आरंभी भारतचंद्र सांगतो की अलिवर्दीखानाच्या सैन्याने भुवनेश्वरी उपद्रव केला म्हणून शिवाचा नंदी खवळला, आणि शिवाने साताऱ्याच्या गडावरील आपल्या भक्त राजाला स्वप्न देण्यास सांगितले. त्यातून ही धाड आली. गंगाराम नावाच्या कवीचे 'महाराष्ट्र पुराण' (हस्तलिखितावरील काळ १७५१) हेही याच कल्पनेवर उभे आहे. तेथेही शिव नंदीला शाहूराजाकडे धाडतो. मात्र गंगारामाला धनी नव्हता. बर्गींनी ब्राह्मण, स्त्रिया, गाई कोणाची गय केली नाही हे तो डोळ्यांनी पाहिल्यासारखे सांगतो, आणि मग देवीच भास्करपंतांवर उलटते आणि १७४४ मध्ये मानकऱ्याच्या छावणीत दग्याने त्यांचा अंत होतो. देवी प्रसन्न होते आणि पापामुळे फिरते, हा प्रतापादित्याचाच साचा येथे मराठ्यांना लागू झाला आहे. आपल्या पोवाड्यांतील भवानी अशी फिरताना दिसत नाही. ज्या स्वारीची एका प्रांतात गाणी होतात तिच्यासाठी दुसऱ्या प्रांतात कोणते गाणे होते, हे पोवाड्याच्या अभ्यासकाने गंगारामाकडून एकदा ऐकून घ्यावे.

या स्वाऱ्यांनी कवीचे स्वतःचेही एक नुकसान केले. कृष्णचंद्राने त्याला गंगेकाठचे मुलाजोड हे गाव वर्षाला ६०० रुपये देण्याच्या अटीवर इजाऱ्याने दिले होते. बर्गींच्या भयाने बर्दवानच्या राजमातेने मुलाजोडजवळ येऊन वास्तव्य केले आणि तो गाव रामदेव नाग या आपल्या माणसाच्या नावे पट्ट्याने मिळवला. बाप बर्दवानकडून बुडाला होता; आता मुलाच्या उंबऱ्यावर बर्दवानचाच कारभारी येऊन बसला. त्याच्या जाचाला कंटाळून भारतचंद्राने 'नागाष्टक' हे संस्कृत अष्टक रचून राजाकडे पाठवले. नाग हे आडनाव आणि नाग हा साप, या श्लेषावर ते चालते. हसत हसत केलेली ती तक्रार आहे, आणि खाली भीती आहे. अनेइरिनच्या वीरांनी मीठ एकदाच, एका सकाळी, फेडून टाकले. दरबारी कवीला ते दर महिन्याला फेडावे लागते, शिवाय धन्याने दिलेले धन्यालाच दुसऱ्याच्या हाती द्यावे लागले तर हसावेही लागते. १७६० मध्ये मुलाजोड येथेच भारतचंद्र वारला. वय ४८.

त्याच्या प्रतापादित्याचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १८०१ मध्ये रामराम बसू यांचे 'राजा प्रतापादित्य चरित्र' हे श्रीरामपूरच्या छापखान्यातून निघाले; बंगाली गद्याच्या पहिल्या छापील पुस्तकांत त्याची गणना होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी सखाराम गणेश देउस्कर या बंगालवासी मराठी लेखकाने कलकत्त्यात शिवाजी-उत्सवाचा पुरस्कार केला, आणि १९०३ मध्ये सरलादेवी चौधुराणी यांनी बंगालचा स्वतःचा वीर हवा म्हणून प्रतापादित्य-उत्सव भरवला. त्यांचे मामा रवींद्रनाथ यांना हे रुचले नाही. 'बौठाकुराणीर हाट' या कादंबरीत त्यांनी १८८३ मध्येच हा राजा क्रूर आणि घातकी रंगवला होता. आश्चर्य असे की दोघांचीही सामग्री भारतचंद्राच्या काव्यात आधीच होती. सरलादेवींच्या वाट्याला ढालाईत आणि काली आली, रवींद्रनाथांच्या वाट्याला वसंत रायाचा खून. ज्याच्यासाठी काव्य लिहिले तो भवानंद कोणालाच नको होता.

मराठीशी याचा संबंध मात्र त्याहून जुना आहे. हावड्याहून गंगेच्या त्याच काठाने उत्तरेकडे गेले की श्रीरामपूर लागते. तेथे विल्यम केरी यांच्या हाताखाली वैजनाथ शर्मा यांनी रामराम बसूंच्या पुस्तकाचे मराठी केले आणि ते १८१६ मध्ये छापले गेले. मराठीतील अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांत 'राजा प्रतापादित्याचे चरित्र' मोडते ते असे. त्याच साली नदीपलीकडे कलकत्त्यात गंगाकिशोर भट्टाचार्य यांनी 'अन्नदामंगल' छापून काढले. चित्रे असलेले ते पहिले बंगाली पुस्तक. गंगाकिशोर पूर्वी श्रीरामपूरच्याच छापखान्यात कामाला होते.